चेहरा नसलेली माणसं

चित्र काढल्याने दुःख हलकं होतं, असं कुणी म्हणालं की मला पूर्वी चीड यायची. आता येत नाही. माझं मत बदललं आहे. पण ते ज्या वाटेने बदललं, ती वाट मला उपदेश करणाऱ्यांपैकी कुणीच दाखवली नव्हती, म्हणून हे लिहिते आहे. आधीचं मत अगदीच टाकाऊ होतं असंही मला वाटत नाही. त्यात तथ्य होतं, आणि ते तथ्य सोबत घेऊनच मला पुढे यावं लागलं.

मी मूळची नाशिककडची. १९९३ साली नर्स म्हणून जव्हार तालुक्यात आले आणि बरीचशी नोकरी साखरशेत आणि आसपासच्या पाड्यांवर काढली. त्या वेळी वावर-वांगणीचं नाव महाराष्ट्रभर झालं होतं. कुपोषणाने मुलं दगावली होती, मंत्र्यांच्या गाड्या घाट चढून येत होत्या आणि आमच्यासारख्या पोरी वजनकाटा खांद्याला लावून पाडे पालथे घालत होत्या. झोळीत मूल ठेवायचं, काटा वाचायचा, तक्त्यावर ठिपका द्यायचा, तो मागच्या महिन्याच्या ठिपक्याला जोडायचा. रेघ वर गेली तर आईला शाबासकी. खाली वळली तर पुढचं सगळं: आहार, औषध, आणि मूल जव्हारला दवाखान्यात न्यायला आईची, आजीची, कधी भगताचीसुद्धा मनधरणी.

दिवाळी झाली की ती रेघ तुटायची. उचल घेतलेली घरंच्या घरं दाराला काटकी लावून भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर निघून जायची. मूल पुन्हा दिसायचं ते पावसाच्या तोंडावर, आणि कधी दिसायचंच नाही. या भागात अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एप्रिल-मेमध्ये मोखाड्याच्या पाड्यांना टँकरने पाणी लागतं. डोंगरउतारावर पाणी थांबत नाही. नागली-वरई पिकते ती वर्षाला पुरत नाही. हे रोज बघणाऱ्या बाईसमोर कुणी रंगपेटी घेऊन आलं तर तिला काय वाटेल?

तशी मंडळी यायची. शहरातून, चांगल्या मनाची. एकदा एका पाड्यावर त्यांनी मुलांना कागद वाटले आणि तुमच्या मनातलं काढा म्हणाले. संध्याकाळी निघताना त्यांच्यातल्या एक बाई डोळे पुसत मला म्हणाल्या की मुलांच्या भावना किती सुंदर उतरल्यात बघा. मी बघत होते ते त्या मुलांचे पांढरेफटक ओठ. लोहाच्या गोळ्या संपल्या होत्या आणि पुढच्या येईपर्यंत महिना जाणार होता. मी काही बोलले नाही, पण मनात पक्कं झालं: दुःखावर चित्र हा उतारा पोट भरलेल्यांचा.

दुसरा राग होता तो बाजारावर. वारल्यांची चित्रं मी पहिल्यांदा पाहिली ती लग्नघरी. गेरूने सारवलेली कुडाची भिंत, तांदूळ भिजवून वाटलेलं पीठ, टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. चौक काढायचा तो सवाशिणींनी. चौकटीच्या आत पालघट देवी, बाजूला वेगळा छोटा चौक पंचशिऱ्या देवाचा. शिडी, फणी, सूर्य, चंद्र, घोड्यावर नवरा-नवरी. लग्न लावणारी धवलेरी गात असते, आणि चौक पुरा झाल्याशिवाय लग्न लागत नाही. हे चित्र टिकवायचं नसतं. पावसाळ्यात भिंतीचं सारवण गळतं, पुढच्या कार्याला नवी भिंत, नवा चौक. हे डोळ्यांनी पाहिल्यावर तीच माणसं कपावर, पडद्यावर, हॉटेलच्या जिन्यात, रेल्वे स्टेशनच्या भिंतीवर नाचताना दिसली की मला वाटायचं, देवघरातला देव उचलून दुकानात मांडला. कागद आला आणि चित्र मेलं, असं मी लोकांना ठणकावून सांगायची.

आणि तिसरी चीड होती जिव्या सोमा म्हसे यांच्या गोष्टीवर. त्या माणसावर नव्हे. त्यांच्याबद्दल आदरच होता. गोष्ट ज्या चवीने सांगितली जाते, त्या चवीवर. डहाणूजवळच्या गंजाडचे वारली चित्रकार म्हसे. जन्म १९३४ चा, तलासरीकडच्या धामणगावचा. सातेक वर्षांचे असताना आई गेली आणि मुलगा बोलायचा थांबला. जे सांगायचं ते धुळीत रेघा ओढून सांगायचा. मोठेपणी तो बायकांचं काम समजली जाणारी चित्रं काढू लागला, लग्नकार्य नसतानाही, रोज. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात आले आणि त्यांच्या नजरेला हा माणूस पडला. १९७५ मध्ये मुंबईत केमोल्ड गॅलरीत प्रदर्शन, १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या गाजलेल्या प्रदर्शनात चित्रं, २०११ मध्ये पद्मश्री. १५ मे २०१८ ला ते गेले.

ही गोष्ट एखाद्या शिबिरात सांगितली जायची ती अशी: आईवेगळं मुकं पोर, आणि चित्रकलेने त्याला वाचा दिली. मी नर्स. आई गेल्यावर गप्प झालेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांना वेळेवर जेवू घालणारं, रात्री शेजारी झोपणारं एक मोठं माणूस लागतं, आणि वर्ष-दोन वर्षं लागतात. धुळीत रेघोट्या तर सगळीच पोरं ओढतात. पद्मश्री मिळालेल्या पोराच्या रेघोट्या तेवढ्या औषध ठरतात आणि बाकीच्यांच्या पुसल्या जातात, हे मला पटत नव्हतं. शिवाय त्या गोष्टीतून एक तपशील नेहमी गळायचा: राष्ट्रीय पुरस्काराच्या वेळी म्हसेंना कबूल केलेली जमीन त्यांच्या हातात पडायला तीन दशकांहून जास्त काळ गेला. तोवर जगभर प्रदर्शनं होऊन गेली होती. चित्राने दुःख गेलं असेलही, सातबारा मात्र आला नव्हता.

एवढी तटबंदी करून मी बसले होते.

२०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत माझे यजमान गेले. एसटीत कंडक्टर होते, जव्हार आगारात. निवृत्त होऊन फार दिवस झाले नव्हते. गाडीत पुढून मागे जाताना एका हाताने दांडी धरून तोल सावरायची त्यांची सवय घरातही गेली नव्हती. स्वयंपाकघरात आले तरी दाराच्या चौकटीला हात. तालुक्याबाहेरच्या एका रुग्णालयात त्यांना ठेवलं होतं. मला बाहेरच थांबावं लागलं. मिळाले तेव्हा प्लास्टिकमध्ये बांधलेले. चेहरा काही मी पाहिला नाही. नर्स असून पाहिला नाही, कारण नियम मलाच पाठ होते.

तेव्हा लसीकरण सुरू होतं. इकडे लोक लसीला घाबरायचे. सुई घेतली की माणूस मरतो अशी हूल उठलेली. मी दारोदार जाऊन सांगत होते की काही होत नाही, घ्या. ज्या बाईचा नवरा नुकताच गेला ती सांगते म्हटल्यावर काहींनी घेतलीसुद्धा. त्या धांदलीत रडायचं राहून गेलं. वर्षभराने निवृत्त झाले आणि घरी बसले, तेव्हा कळलं की राहिलेलं काम आता होण्यातलं नाही. झोप गेली. भांड्यात चहा उकळून आटायचा, मी समोर उभी. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या मी नेमाने घेतल्या. इतरांना नेम शिकवलेला होता. समुपदेशन करणाऱ्या मुलीने सांगितलं, काकू, बोला, मन मोकळं करा. हेच वाक्य मी नोकरीभर किती बायांना ऐकवलं होतं! मूल गेलेल्या, नवऱ्याने टाकलेल्या बाया पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत खाली बघत राहायच्या, आणि मला वाटायचं, या बोलत का नाहीत. आता मीही त्या मुलीसमोर खालीच बघत होते.

माझी शेजारीण वारली समाजातली. कागदावर, कापडावर चित्रं करून ती व्यापाऱ्याला देते. तिच्याकडे मोठी ऑर्डर आली होती आणि हात कमी पडत होते. एक दिवस ती माझ्या ओट्याशी येऊन म्हणाली, "सिस्टर, तू नुसती बसलीस. चल, पानं भर." इथल्या रीतीने ती मला एकेरीतच बोलते. तिच्या बोलण्यात माझ्या दुःखाचा उल्लेख नव्हता. तिला माणूस हवा होता. मी गेले त्याचं खरं कारण हे की नाही म्हणायलाही जोर लागतो, आणि तो माझ्यात नव्हता.

तिने मला झाडं दिली. वारली चित्रातलं झाड म्हणजे एक मधली रेघ, तिला फुटणाऱ्या फांद्या आणि फांदीला दोन्हीकडून पानांच्या बारीक तिरक्या रेघा. एका झाडाला अशा रेघा किती लागतात हे बघणाऱ्याला कळत नाही. ऑर्डरच्या मालाला पांढरा पोस्टर रंग लागतो, कारण पिठाचं काम घडी घातली की झडतं. पण रंग विकतचा. शिकाऊ हाताला तिने तांदळाचं पीठच दिलं, थोडा डिंक घालून, आणि गेरू लावलेले जुने कागद.

पिठाच्या रेघेची एक गंमत आहे, जी मला लग्नघरी उभं राहून कधी दिसली नव्हती. ओली असताना ती जवळजवळ दिसतच नाही. गेरूवर नुसता ओलसर माग दिसतो. तुम्ही पुढे सरकता, आणखी दहा-बारा पानं भरता, आणि मागची रेघ वाळत वाळत पांढरी होते. म्हणजे हात आता काय करतो आहे ते डोळ्याला नंतर कळतं. चुकलं की बरोबर, हे बघत बसायची सोयच नाही. पुढची रेघ ओढायची. मी तक्त्यावर रेघा ओढल्या त्या सगळ्या कशाची तरी खबर देणाऱ्या होत्या: मूल वाढतंय, मूल घटतंय. ही पहिली रेघ अशी मिळाली की जिच्यावरून मला कुणाला काही कळवायचं नव्हतं.

मला झोप लागू लागली. ती गोळ्यांनी लागली की पानांनी, हे मी सांगू शकणार नाही. दोन्ही एकाच काळात चालू होतं, आणि जो कुणी नुसत्या पानांना श्रेय देईल त्याला मी अजूनही अडवीन. पण पानं भरताना काय होतं ते मला बघता आलं. काडी हातभर लांब नसते. रेघ सरळ यायला मनगट टेकावं लागतं, खांदा सैल सोडावा लागतो, रेघ पुरी होईपर्यंत श्वास आपोआप थांबतो आणि मग सुटतो. असं दुपारभर. शेजारी दुसरी बाई तेच करते आहे. बोललंच तर गेरू घट्ट झाला, कोंबडी आत आली, एवढंच. आणि संध्याकाळी तिने मला पैसे दिले. मी हसून परत करायला गेले तर ती रागावली. काम केलंस ना? निवृत्तीनंतर माझ्या कामाला पहिल्यांदा कुणी पैसे मोजले होते. ते मी घेतले, आणि त्या दिवशी स्वतःसाठी पाव किलो जवळा आणून चटणी केली. एकटीसाठी काही करून खाणं तोवर बंदच होतं.

इथपर्यंत माझं मत बदललं नव्हतं. हाताला काम असलं की माणूस सावरतो, हे मी आधीही मानत होतेच. चित्राऐवजी विड्या वळल्या असत्या तरी चाललं असतं, असं मी स्वतःला सांगत होते. मत बदललं ते माणसांपाशी.

पानं बरी जमल्यावर तिने मला माणसं शिकवली. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर गोल डोकं, हातापायांच्या काड्या. बाई असेल तर डोक्याला अंबाड्याचा ठिपका. चेहरा नाही. डोळे नाहीत, ओठ नाहीत. पूर्वी मला वाटायचं की यात माणसाचं स्वतःचं असं काय उतरणार? शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंनी आम्हांला चेहरा काढायला शिकवला होता, भाव दाखवायला शिकवला होता. इथे सगळी एकाच साच्यातली. पण भरता भरता दिसायला लागलं की सगळं आहे ते कलण्यात. वरचा त्रिकोण किती झुकला, मान कुठे वळली, हात कोपरात कुठे मोडला. यावरून ओझं उचललेली बाई, दमलेली बाई आणि नाचणारी बाई वेगळी होते. त्यासाठी चेहरा लागत नाही.

एका कापडावर तारप्याचा नाच होता. मध्ये तारपा हे वाद्य फुंकणारा, भोवती कमरेत हात घातलेल्या माणसांचं वेटोळं. कडेची जागा रिकामी होती, ती तू भर म्हणाली. आजकालच्या वारली चित्रात आगगाडी असते, मोटार असते, म्हणून मी एसटी काढली. मागच्या दाराशी एक माणूस उभा केला. खांद्यावरून तिरकी रेघ, खाली चौकोनी पिशवी. एक हात वर, दांडीला धरलेला. वरचा त्रिकोण थोडा मागे कलला, गाडी वळणावर आहे म्हणून. पातळ केलेला रंग ओला होता तोवर नीट दिसलं नाही. वाळल्यावर ते तिथे उभे होते.

मी रडले का? नाही. शेजारणीने मान वळवून पाहिलं आणि म्हणाली, "चाकं लहान झाली." मी चाकं मोठी केली. ते कापड बाकीच्या मालाबरोबर बांधून गेलं. कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत ते असेल. तिथल्या पाहुण्यांना दिसत असेल एक बस आणि तिच्यातला एक कंडक्टर. मला तेवढंच हवं होतं, हे मला ते कापड गेल्यावर समजलं. मी ते दुःख सांगितलं होतं, पूर्ण सांगितलं होतं, आणि कुणीही मला पुढचा प्रश्न विचारला नव्हता.

प्रश्न विचारणं हा माझा धंदा होता. शेवटची पाळी कधी, मागचं मूल कशाने गेलं, नवरा पितो का, किती दिवस ताप. रजिस्टरचे रकाने भरायला ते लागतंच, आणि त्याने जीव वाचले आहेत. पण शेजारणीच्या कागदांवर काम करताना मला एक गोष्ट दिसली. तिच्या प्रत्येक चित्रात, मग नाच असो, भातलावणी असो की मासेमारी, गर्दीत कुठेतरी एक लहानसं माणूस उलट्या दिशेला चाललेलं असतं. सगळे डावीकडे तर ते उजवीकडे. जुन्या काळी तिच्या घरचाही एक तक्ता माझ्याकडे होता, त्याची रेघ अर्ध्यात थांबलेली. ते लहान माणूस तेच का, हे मला माहीत नाही. पूर्वीची मी विचारून मोकळी झाले असते. आता मी फक्त त्याच्याभोवतीची पानं भरते.

मग मी वाचायला लागले, आणि म्हसेंच्या गोष्टीकडे पुन्हा वळले. भास्कर कुलकर्णी मुंबईच्या विणकर सेवा केंद्रातले. १९६६-६७ च्या बिहारच्या दुष्काळात हस्तकलांचं काम बघणाऱ्या पुपुल जयकरांनी त्यांना मिथिलेत धाडलं. तिथल्या बाया लग्नघराच्या भिंतीवर जे काढायच्या ते त्यांनी कागदावर काढावं, म्हणजे विकता येईल, चार पैसे घरात येतील, एवढा साधा हेतू. पुढे तेच कुलकर्णी डहाणूकडे आले. म्हणजे हा कागद, ज्याला मी इतकी वर्षं शिव्या घालत होते, तो मुळात दुष्काळी कामाचा भाग होता. वजनकाटा घेऊन हिंडणाऱ्या बाईला हे आधी ठाऊक असायला हवं होतं, नाही का?

मिथिलेतल्या गंगादेवी त्यांतल्याच. नवऱ्याने दुसरी केली, घरातून उठावं लागलं. ज्या कोहबराची, म्हणजे नवदांपत्याच्या खोलीची, चित्रं नव्या जोडप्याच्या सुखासाठी काढतात ती काढणारा हात हिचा. कागदावर ती रामायणही काढायची आणि स्वतःचं आयुष्यही. १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली. नंतर कर्करोग झाला आणि दिल्लीत उपचार चालू असताना तिने त्या आजाराचीच चित्रमालिका केली. इस्पितळ, डॉक्टर, उपचार, सगळं मिथिलेच्या त्याच बारीक रेघेत. १९९१ मध्ये ती गेली. चित्राने कर्करोग बरा झाला नाही, आणि तसा दावा ती चित्रं करतही नाहीत. वॉर्डात आयुष्य काढलेल्या मला त्यांत काय दिसलं ते सांगते: पेशंट खाटेवर पडून वरून बघणाऱ्यांकडे बघतो आहे असं त्यांत नाही. पेशंट स्वतःच सगळ्या वॉर्डाकडे बघतो आहे.

आणि मग ती गोष्ट लक्षात आली जिच्यामुळे माझी तटबंदी खरोखर ढासळली. लग्नाचा चौक सवाशिणी काढतात. ज्या भिंतीसाठी मी बाजाराशी इतकी भांडत होते, त्या भिंतीवर मला काडी टेकवता आली नसती. मी विधवा. वारल्यांत विधवेचं दुसरं लग्न सहज होतं, आमच्याकडच्यासारखा जाच नाही. तरी चौक म्हणजे मंगलकार्य, आणि ते भरल्या घरच्या बाईचं. पुरुषांनाही तिथे जागा नव्हती. म्हणजे आई गेलेलं, बोलणं थांबलेलं एक पोर, तेही मुलगा, या भिंतीच्या हिशेबात कुठेच बसत नव्हतं. ते धुळीत काढत होतं याचं हेही एक कारण असेल. भिंत आनंदासाठी राखलेली होती. दुःखाला जागा मिळाली ती कागदावर. जो कागद बाजाराने आणला, दुष्काळाने आणला, त्याने म्हसेंना आत घेतलं, आणि त्यांच्या मागून कितीतरी वर्षांनी मलाही. कागद आला आणि चित्र मेलं, हे माझं जुनं वाक्य मी आता उच्चारू शकत नाही.

म्हसेंची मासेमारीची चित्रं मी छापील पाहिली आहेत. अख्खा कागद व्यापणारं जाळं. हजारो बारीक रेघांचं, एकही रेघ दुसरीसारखी नाही, आणि त्या पसाऱ्याच्या कडेला इवलीशी माणसं. पूर्वी मी म्हटलं असतं, किती चिकाटी. आता मला एवढं कळतं की ते जाळं विणायला किती वेळ लागला असेल आणि तो वेळ कसा गेला असेल. मुकेपण गेलं की नाही, हा प्रश्न मला आता फारसा महत्त्वाचा वाटत नाही. गप्प राहूनही माणसांत राहता येण्याची एक रीत त्यांनी शोधली. ती रीत त्यांची एकट्याची नव्हती. त्रिकोण, गोल आणि रेघ हा सगळ्या जमातीचा ठेवा होता. माझ्यासारखीला स्वतःची भाषा शोध म्हटलं असतं तर मी खाटेवरून उठले नसते. तयार भाषा हातात मिळाली, म्हणून तिच्यात माझी एक एसटी घालता आली.

गंमत म्हणजे आजारात चित्राचा आधार घेण्यावर सुरुवातीच्या काळात पुस्तक लिहिणारा एक माणूस क्षयरोगी होता. क्षयरोग्यांची मी डॉट्सच्या गोळ्यांची डबी घेऊन वर्षानुवर्षं सेवा केली, पण हे मला माहीत नव्हतं. एड्रियन हिल नावाचे इंग्रज चित्रकार १९३८ मध्ये क्षयाच्या आरोग्यधामात पडून होते. स्ट्रेप्टोमायसिन यायचं होतं. उपचार म्हणजे महिनोन्‌महिने खाटेवर निजून राहणं. ते पडल्या पडल्या जवळच्या वस्तू रेखाटू लागले, मग शेजारच्या रोग्यांना शिकवू लागले. कलोपचार हा शब्द इंग्रजीत त्यांनी १९४२ मध्ये रूढ केला. त्यांनीही आधी खाट होती ती तशीच ठेवली, डॉक्टर ठेवले. रेखाटन त्याच्या बरोबरीने.

म्हणून माझं बदललेलं मत तोकडं आहे, ते तोकडंच सांगते. पंडुरोगाच्या पोराला आधी लोह आणि नाचणीची पेज. ज्या बाईला जीव द्यावासा वाटतो तिला आधी डॉक्टर, आणि तिच्यासोबत रात्री माणूस. भट्टीवरची मजुरी बुडाली तर मजुरी. हे सगळं द्यायच्या ऐवजी रंगपेटी देणाऱ्यांवर मी आजही संतापते. पण पेज, गोळी आणि मजुरी दिल्यावरही माणसात काहीतरी उरतं, जे कुठल्याच रकान्यात बसत नाही, आणि गरिबात तेवढं उरत नसेल असं मी धरून चालले होते. कोणत्या अधिकाराने, देव जाणे.

आता एकच वाद शिल्लक आहे, तो शेजारणीशी. तिचं म्हणणं, मी भरलेल्या चित्रांवर मी नाव घालावं. मला ते मान्य नाही. वारली चित्राला भौगोलिक मानांकन आहे, त्यामागे त्या लोकांचा हक्क आहे; त्यांच्यावर आधीच बाहेरचे लोक पुष्कळ जगले आहेत. मी नाशिकची, मी तिची मजूर. मी घरी जुन्या रजिस्टरच्या पाठकोऱ्या कागदांवर काढते ते विकत नाही आणि कुणाला शिकवतही नाही. ती म्हणते, "हात तुझा, मग नाव कुणाचं?" मी म्हणते, चाल तुमची. ती म्हणते, एसटी कुठं आमची होती? या एसटीवर माझ्याकडे उत्तर नाही.

परवाच्या गठ्ठ्यात एका कापडाच्या कोपऱ्यात तिने माझ्या नकळत पांढऱ्या रंगात 'सिस्टर' असं लिहून टाकलं. मी गेरूत बोळा बुडवून पुसायला गेले, तर म्हणाली, पुसलंस तर या कापडाचे पैसे कापीन. व्यापारी दिवाळीआधी माल मागतो आहे, आणि ते कापड अजून तिच्याच घरी पडून आहे.